रेघेबाहेरचं दुखणं

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे ‘आईगं’ म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि बरीच वर्षं मला त्याचं कौतुकही होतं. सुई टोचली, आई गं. चहा गरम लागला, आई गं. पाणी गार लागलं, तरी आई गं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिच्या करंगळीला टेबलाचा पाय लागला आणि तिने असं घर डोक्यावर घेतलं की मी वरच्या मजल्यावरून प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत खाली आले. करंगळीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. त्या दिवशी चिडून तिला जे म्हटलं ते कायमचं चिकटलं.

मी नर्स आहे. सर्जरीच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढली. माझा राग नाकावर असतो आणि जिभेला हाड नाही, असं माझा नवरा म्हणतो. वॉर्डात त्याचा उपयोग होतो म्हणून मीही कधी मनावर घेतलं नाही. नव्या मुली कामाला लागल्या की पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगते, दुखण्याचा आवाज किती मोठा त्यावर दुखणं किती मोठं ते ठरवू नका. जो ओरडतोय त्याच्यात ओरडण्याइतका जीव आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. हे काही चुकीचं नाही, आजही मी तसंच सांगते. फक्त घरी आल्यावर मी त्यातला पहिला अर्धा भागच वापरत होते.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो. मी वर, ती तळमजल्यावर. तिच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं शिवणकामाचं दुकान. दोन मशीन, एक लांब टेबल आणि भिंतीला टांगलेले शाळेचे गणवेश. काम मात्र ती सुरेख करते. तिने शिवलेल्या पडद्याची उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती ते शोधावं लागतं. काम करताना डाव्या मनगटाला ती एक छोटी उशी बांधते, टाचण्या खोचायला. उशी जुनी झाली होती, आतला भुसा एका बाजूला गेला होता. त्या शुक्रवारी जाड पडद्याची दुमड धरता धरता तिने टाचणी उशीत जोरात खोचली. ती उशीतून आरपार जाऊन मनगटाच्या आतल्या बाजूला लागली. रक्ताचा एक थेंब आला. तिने तो तोंडाने चोखून घेतला आणि पुढचं काम सुरू केलं. त्या आठवड्यात तिचा घसा दुखत होता. तेही तिने मला चार वेळा सांगितलं होतं आणि मी चारही वेळा ‘गुळण्या कर’ म्हटलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ड्युटीवरून आले तर दीर जिन्यातच उभे. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, शांत माणूस.

“वहिनी, जरा बघता का हिला? सकाळपासून हात धरून बसलीये.”

“काय झालं आता?”

“टाचणी लागली काल. हात कापून टाकावासा वाटतोय, म्हणते.”

मी आत गेले. ती खुर्चीत बसली होती, डावा हात मांडीवर, त्याखाली घडी घातलेला टॉवेल. मनगटाच्या आत नाण्याएवढी लाली होती. जरा गरम, किंचित सूज. बोट लावलं मात्र, ती खुर्चीतून अर्धी उठली.

“हात लावू नका ताई. पाया पडते, हात लावू नका.”

“अगं, टाचणी लागलीये, तलवार नाही.”

दीर हसले. मीही हसले. ती हसली नाही.

आमच्या वॉर्डात लालीभोवती पेनाने रेघ मारायची पद्धत आहे. रेघेशेजारी वेळ लिहायची. लाली रेघ ओलांडून बाहेर गेली तर डॉक्टरांना बोलवायचं, रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय असं समजायचं. साधी पद्धत आहे आणि बहुतेक वेळा चांगली आहे. मी खिशातलं पेन काढलं, गोल रेघ मारली आणि लिहिलं, शनिवार, सहा. मग वर जाऊन माझा बिस्किटांचा डबा आणला. प्रत्येक नर्सच्या घरी असा एक डबा असतो, उरलेल्या गोळ्यांचा. त्यातल्या सहा कॅप्सूल दिल्या, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा घे म्हटलं. दुसऱ्या कुणी असा डब्यातून औषधोपचार केला असता तर मी त्याची हजेरी घेतली असती. पण आपल्या घरच्या माणसाला आपण औषध देतो तेव्हा ते औषध वाटत नाही, मदत वाटते.

रविवारी सकाळी मी खाली गेले. रेघ जिथे होती तिथेच, लालीही तिथेच. उलट जरा फिकी झाल्यासारखी वाटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी बरोबर होते याचंच जास्त बरं वाटलं.

“बघ,” मी म्हटलं, “तसूभर हललेली नाही.”

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. “पण दुखतंय वर. कोपराच्या वर.”

“तिथे काय आहे? काही नाहीये.”

“रेघेच्या बाहेर दुखतंय ताई.”

“रेघेच्या बाहेर साधी कातडी आहे. तूच बघ.”

“वरून नाही. आतून.”

“आतून म्हणजे कुठून?”

“मला काय माहीत? आतून.”

त्या एका शब्दात अख्खा आजार होता. या आजाराचं नाव लांबलचक आहे, नेक्रोटायझिंग फॅसायटिस. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये एक पातळ पांढरा पडदा असतो. जंतू त्या पडद्यावरून सरपटत जातात आणि जाताना तो पडदा मारत जातात. वरची कातडी बराच वेळ जशीच्या तशी असते, कारण तिला अजून कळलेलंच नसतं. त्यामुळे कातडीवर जे दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी मोठं असतं आणि कितीतरी लांबपर्यंत असतं. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं, वॉर्डात दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी रुग्णाने ‘रेघेबाहेर दुखतंय’ म्हटलं असतं तर माझे कान टवकारले असते. पण हे म्हणणारी ‘आईगं’ होती.

दुपारी तिला दोन उलट्या झाल्या. मी म्हटलं, रिकाम्या पोटी कॅप्सूल घेतली असशील. ताप पाहिला, नव्हता. कसा असणार? दर आठ तासांनी दुखण्याची, म्हणजे तापाचीच गोळी तिच्या पोटात जात होती, माझ्याच हातची. संध्याकाळी मी वर कपड्यांना इस्त्री करत होते, तर खालून रडण्याचा आवाज. मोठा आवाज. शेजारच्या दाराची कडी वाजली, कुणीतरी डोकावलं असणार. मी इस्त्री बंद केली आणि तरातरा खाली गेले.

“बास!” मी म्हटलं. “सहा दिवस वॉर्डात हेच ऐकते, सातव्या दिवशी घरी पण ऐकू? माणसांचे पाय कापतात तिथे, ती नाही एवढी रडत. रेघ हललेली नाही. ताप नाही. दोन वेळा येऊन बघितलंय मी. आता एक शब्द बोलू नकोस.”

ती गप्प झाली. तोंडावर झाकण ठेवावं तशी एकदम गप्प झाली. दीर खाली मान घालून उभे होते. मी वर आले आणि उरलेले कपडे इस्त्री केले.

सोमवारी माझी सकाळची पाळी होती. साडेसहाला गणवेश घालून मी खाली उतरले, तर त्यांचं दार उघडंच होतं. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात उशीवर.

“कसं आहे?” मी दारातूनच विचारलं.

“बरं आहे.”

“दुखतंय?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही. तुम्ही जा, उशीर होईल.”

दीर स्वयंपाकघरातून बाहेर आले. दोन रात्रींत त्यांची दाढी वाढली होती, पण चेहरा खुलला होता. “लागू पडल्या वहिनी तुमच्या गोळ्या. कालपासून हूं की चूं नाही.”

मी निघाले. फाटकापर्यंत गेले. मला त्या सकाळचं आठवतं ते एवढंच, की हातात किल्ली होती आणि मी फाटकाची कडी काढत नव्हते. काहीतरी सलत होतं. एवढं दुखणं एका रात्रीत शून्यावर येत नाही. कमी होतं, परत वाढतं, आधी रात्री झोप येते, मग जेवण जातं. ‘अजिबात नाही’ असं नसतं. आणि मला तो माळी आठवला. खूप वर्षांपूर्वीचा, पायाला खुरपं लागलेला. दोन दिवस त्याने वॉर्ड हलवून सोडला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, सिस्टर, आता मोकळं वाटतंय, दुखत नाही, चहा द्या. मी त्याला चहा दिला होता. दुखणं थांबलं होतं कारण दुखणं कळवणाऱ्या नसाच मेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तोही गेला.

मी परत फिरले. पळत. सव्वीस वर्षांत वॉर्डात पळाले नसेन इतकी त्या दहा पावलांत पळाले.

खिडकीचा पडदा सारला आणि हात उजेडात धरला. रेघ तशीच होती, शनिवार, सहा. पण रेघेच्या बाहेरची कातडी ताणली जाऊन चकाकत होती. मी हात दाबत वर गेले. मऊ लागायला हवं तिथे लाकडासारखं लागत होतं, कोपराच्या वर चार बोटांपर्यंत. आतल्या बाजूला एक जांभळा डाग होता, सांडलेल्या शाईसारखा, आणि त्यावर पाणी भरलेला फोड. पिशवीतून निर्जंतुक सुई काढली. डागावर टोचली. ती हलली नाही. दोन बोटं वर टोचली. हलली नाही. कोपराजवळ टोचली. नाही. तोंड भिंतीकडेच होतं. कपाळावर घामाचे थेंब होते, हात गार, नाडी एकशे तीसच्या पुढे.

मी तिचा हात उशीवर ठेवला. “भाऊजी, गाडी काढा.”

“काय झालं? आत्ता तर बरं आहे म्हणाली.”

“म्हणूनच. काढा गाडी.”

अपघात विभागातले डॉक्टर तरुण होते, पाळी संपत आलेली, डोळे तांबारलेले. त्यांनी लाली पाहिली, रेघ पाहिली. म्हणाले, कातडीखालचा साधा संसर्ग वाटतो, शिरेतून औषध सुरू करू, रक्त पाठवू, स्कॅन करू, दुपारपर्यंत बघू. त्यांना दोष काय देऊ? शनिवारी मीही हेच पाहिलं होतं.

“दुपारी तुम्ही बघाल,” मी म्हटलं, “ती नसेल बघायला.” आणि त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून आमच्या सर्जनबाईंना लावला.

बाई पाच मिनिटांत आल्या. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लालीकडे पाहिलंच नाही, आधी वरचा दंड दाबला. रक्तदाब पाहिला, खाली चालला होता. मग विचारलं, “कधीपासून?”

“काल रात्रीपासूनच जरा...” दीर सांगायला लागले. बिचारे मला सांभाळून घेत होते की त्यांना खरंच तसं वाटत होतं, मला अजून कळलेलं नाही.

ते तसंच राहू दिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण तासांवरून बाई ठरवणार होत्या की पडदा किती दूरवर मेला असेल, कुठून कापायला सुरुवात करायची. मी म्हटलं, “शनिवारी सकाळपासून. शनिवारी संध्याकाळी सहाला मी पाहिलं. रेघ मारली, घरातल्या कॅप्सूल दिल्या, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, म्हणून ताप दिसला नाही. काल दुखणं कोपराच्या वर गेल्याचं तिने सांगितलं होतं. उलट्या झाल्या, त्या मी कॅप्सूलवर ढकलल्या.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्ही पाहिल्यापासून सदतीस तास,” त्या म्हणाल्या आणि हातमोजे मागितले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

स्कॅनची वाट त्यांनी पाहिली नाही. तिथेच पलंगावर, बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन कोपराखाली दोन बोटांएवढा छेद घेतला. रक्त यायला हवं होतं. आलं नाही. भांडी धुतलेल्या पाण्यासारखं पातळ, राखाडी पाणी आलं. बाईंनी छेदातून बोट घातलं आणि ते पडद्याच्या वरून सरळ वर सरकत गेलं. निरोगी माणसात तिथे बोट जात नाही, सगळं घट्ट चिकटलेलं असतं. इथे काहीच अडवत नव्हतं. तरुण डॉक्टर बघत होते, त्यांचा चेहरा उतरला.

“थिएटर,” बाई म्हणाल्या. “आत्ता.” मग दीरांना म्हणाल्या, “मेलेलं सगळं काढावं लागेल. नुसत्या औषधाने हे थांबत नाही, मेलेल्या भागात रक्तच जात नाही तर औषध कुठून जाणार? हात वाचवायचा प्रयत्न करते. पण हात आणि जीव यातलं एकच हाती लागणार असेल, तर विचारायला मी बाहेर येणार नाही. ते आत्ताच लिहून द्या.”

दीरांनी कागद घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “वहिनी, डाव्या हाताने ती कापड चालवते. उजव्याने नुसती कात्री.”

“मला माहीत आहे.”

“मग काय करू?”

“सही करा भाऊजी.”

त्यांनी केली. स्ट्रेचर नेताना मी बाजूने चालत होते. तिचे ओठ सुकले होते, डोळे अर्धे मिटलेले. शब्द नाही, कण्हणं नाही. तिचा आवाज ऐकायला मिळाला असता तर मी काहीही दिलं असतं. दार बंद झालं आणि मी बाकावर बसले. सव्वीस वर्षांत त्या बाकावर बसलेल्या शेकडो नातेवाइकांना मी ‘इथे गर्दी करू नका’ म्हटलं होतं.

दोन तासांनी बाई बाहेर आल्या. मनगटापासून दंडाच्या मध्यापर्यंत उघडलं होतं. जिथे कापल्यावर रक्त आलं तिथे थांबले, म्हणाल्या. स्नायू बहुतेक जिवंत होते. हात ठेवला होता, पण कायमचा की उद्यापर्यंतचा, ते सांगता येत नव्हतं. “उद्या परत उघडून बघणार. या आजारात एकदा साफ केलं आणि झालं, असं नसतं.”

मंगळवारी उघडलं, दंडाची आणखी एक पट्टी काढावी लागली. ती अतिदक्षता विभागात होती, घशात नळी, रक्तदाब धरून ठेवायला एक औषध, जंतूंसाठी तीन. त्यातलं एक तर जंतूंनी विष तयार करू नये एवढ्यासाठीच. मूत्रपिंडं दोन दिवस रुसली होती. दीर काचेच्या दाराबाहेर उभे असायचे आणि मी आत-बाहेर करून त्यांना आकडे सांगायचे. आकडे म्हणजे काय ते त्यांना कळत नव्हतं, ते फक्त माझा चेहरा बघायचे. गुरुवारी तिसऱ्यांदा उघडलं. बाई बाहेर आल्या आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “सगळीकडून रक्त येतंय,” म्हणाल्या. “स्वच्छ आहे. हात राहिला.”

हे वाक्य ऐकून दीर रडले. मी रडले नाही. मी जाऊन औषधांच्या खोलीतलं कपाट लावलं, जे लावलेलंच होतं.

करंगळी आता वळत नाही, पंजाच्या मागे तिला स्पर्श कळत नाही. पण अंगठा आणि तीन बोटं काम करतात. मांडीची कातडी काढून हातावर लावली, ती धरली. घशातून आलेलेच जंतू असावेत, टाचणीची जखम चोखली तेव्हा आत गेले, असं बाईंचं म्हणणं. आणि घरीदारी सगळीकडे एकच गोष्ट झाली. दीर भेटेल त्याला सांगायचे, “वहिनी फाटकातून परत फिरल्या म्हणून. नाहीतर हिने सांगितलं होतं, दुखत नाही. दुसरं कुणी असतं तर निघून गेलं असतं.” माझा नवरासुद्धा आठवडाभर माझ्याशी जपून बोलत होता. सर्जनबाईंनी मला नव्या नर्सना शिकवायला उभं केलं. मी त्यांना सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. रेघ वरची लाली मोजते, आतलं काही मोजत नाही. लालीपेक्षा दुखणं मोठं असेल तर दुखण्याचं ऐका. आणि असं दुखणं एकाएकी थांबलं तर पळत सुटा. मुलींनी वह्यांत लिहून घेतलं. दोन तुकड्यांना मी हे शिकवलं.

तिची माफी मात्र मी मागितली नव्हती. रोज ठरवायचे. रोज ड्रेसिंग करायचे, ट्रे उचलायचे आणि निघून यायचे. मुलींसमोर चूक सांगणं सोपं होतं. तिथे मी शिकवणारी बाई होते आणि चूक म्हणजे धडा होता. पलंगाशी मी नुसती जाऊ होते.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते, वॉर्डात ऊन आलं होतं. हातावरचं ड्रेसिंग झालं, मी मांडीवरचं उघडायला घेतलं. कातडी काढलेल्या जागेवर जाळी चिकटते आणि ती सोडवताना भलेभले पुरुष पलंगाची दांडी धरून ओरडतात. हातापेक्षा हे जास्त दुखतं, कारण इथे सगळं जिवंत असतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“गुणी पेशंट आहे हो तुमची जाऊ,” ट्रे धरलेली मुलगी म्हणाली. “एक आवाज नाही.”

“दुखतंय का?” मी विचारलं.

“नाही.”

मी जाळीचं टोक चिमट्याने उचललं. तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. दहाही बोटं आत वळून घट्ट आवळली होती. कपाळावर घामाचे थेंब होते. ते थेंब मी आधी पाहिले होते, खिडकीच्या उजेडात.

मी ट्रेवालीला बाहेर पाठवलं. चिमटा ठेवून दिला.

“एक विचारते,” मी म्हटलं. “त्या सोमवारी. मी दारातून विचारलं, तेव्हा खरंच दुखत नव्हतं?”

तिने पायांची बोटं आणखी आवळली.

“मी सुई टोचली तेव्हा कळलं नव्हतं?”

“जांभळ्या डागावर नाही कळलं.”

“आणि वर? कोपरापाशी?”

“कळलं,” ती भिंतीला म्हणाली. “सगळं कळत होतं ताई. दुखत तर होतंच. शनिवारपेक्षा जास्त.”

“मग नाही का म्हणालीस?”

“तुम्ही ड्युटीला निघाला होता. गणवेशात होता.” ती थांबली. “म्हटलं, सकाळी सकाळी कशाला बोलणी खायची? तुम्ही गेल्यावर रडले असते.”

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसले. पलंगावर बसू नये असा वॉर्डाचा नियम आहे आणि तो मीच पाळायला लावते. म्हणजे त्या सकाळी मी काही ओळखलं नव्हतं. डागाबाहेरच्या तिच्या नसा मेल्या नव्हत्या. त्या मला घाबरून गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्प बसण्यालाच मी आजाराची खूण समजले. परत फिरून पाहिल्यावर तो डाग दिसला नसता, तर मी कडी काढून गेले असते, आणि ती माझ्या पाठीमागे दार बंद करून रडत बसली असती, जितका वेळ तिच्याकडे होता तितका वेळ. चार आठवडे लोक माझं कौतुक करत होते आणि ती ऐकत होती. एकदाही तिने कुणाला खरं सांगितलं नाही.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “शनिवारीही चुकलं आणि रविवारी तर फारच. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही.”

“असू दे हो. तुम्हीच तर आणलंत मला.”

“असू दे नाही.”

मी उठले, कपाटातून दुखणं कमी करणारं इंजेक्शन आणलं, दिलं आणि ते चढेपर्यंत घड्याळ न बघता बसून राहिले. वीस मिनिटांनी जाळीचं टोक पुन्हा हातात धरलं.

“आता खरं सांग. दुखतंय का?”

तिने मान वळवली. आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, कपाळावरच्या आठ्यांकडे, ओठांकडे, मग हातातल्या चिमट्याकडे. बराच वेळ पाहिलं आणि मग काय सांगायचं ते ठरवलं.

“थोडंसं,” ती म्हणाली.